कार्ड चुकत नाही

“एकदाव सांगी टाका ना आबा, दारू पेल व्हतू म्हनीसन. विषय संपना.”

दिलवरसिंग बापूंनी हे इतक्या प्रेमानं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटावं ते आजाऱ्याला औषधच पाजतायत. उपसा सिंचन सोसायटीच्या कचेरीत पंखा होता, पण त्या उन्हात पंखा म्हणजे गरम हवेचीच फिरवाफिरव. बापू चेअरमन. त्यांनी पुन्हा पुन्हा खुर्ची दाखवली, तरी पितांबर आबा उभेच होते.

“पेल नव्हतू, बापू. मी पडदा दखी ऱ्हायना व्हतू. पडदावर हिरवं व्हतं.”

“हिरवं व्हतं, नि पाइप फुटना?” मागून कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

झालं होतं ते एवढं. तापीच्या काठावर सोसायटीचे दोन मोठे पंप आहेत आणि पितांबर आबा तिथले पंपचालक. पंपांचं पाणी पाइपातून वर शिवारात जातं. मंगळवारी दुपारी वरचा एक व्हॉल्व्ह अडकून बंद झाला, पाणी पाइपात कोंडलं, दाब चढत गेला, तरी पंप चालूच राहिला. शेवटी पाइप फुटला, मोटर जळाली आणि ऐन उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या केळीचं पाणी तुटलं. धावत गेलेल्या लोकांना आबा पंपघरात भिंतीला टेकून बसलेले दिसले. डोळे मिटलेले होते म्हणे.

दुसऱ्या कुणाचे डोळे मिटलेले असते तर लोक म्हणाले असते, ऊन लागलं बिचाऱ्याला. पण आबांची ख्याती जुनी. तरुणपणी सारंगखेड्याच्या जत्रेत घोडं विकायला गेले आणि जत्रा उठल्यावर नुसता लगाम घेऊन परत आले, ही गोष्ट गावात अजून लग्नाच्या पंगतीत सांगतात. पुढे त्यांनी दत्ताच्या पायरीवर हात ठेवून दारू सोडली, ती सोडलीच. पण सोडलेल्या दारूची गोष्ट पंगतीत कोण सांगणार?

बापू आता कोपऱ्यात बसलेल्या भूपेशकडे वळले. “भूपेश, तू सांग बेटा. तुन्हं कार्ड चुकस का कधी?”

कार्ड म्हणजे पंपघरातला छोटा संगणक. पाइपातला दाब मोजायचा, पडद्यावर हिरवं किंवा लाल दाखवायचं आणि दाब हाताबाहेर जायला लागला की पंप आपण होऊन बंद करायचा, हे त्याचं काम. ते बनवणारी कंपनी पुण्याची, पण त्यातला प्रोग्राम लिहिणारा भूपेश गावचाच. घराच्या माडीवर बसून तो पुण्याची नोकरी करायचा. कार्ड त्याच्याच शब्दावर बसवलं होतं आणि त्या दिवशी याच कचेरीत त्याला शाल-नारळ मिळाला होता. पूर्वी पाइपाला कान लावून बसणाऱ्या आबांना त्यानं तेव्हा कौतुकानं सांगितलं होतं, “आबा, आते कान लावानं बंद. हिरवं दिसनं म्हनजे निवांत बठानं.”

भूपेशनं सकाळीच कार्ड तपासलं होतं. त्यात दाब अगदी शेवटपर्यंत ठीक दिसत होता. मागच्या महिन्यात त्यातली एक ओळ आपण बदलली होती, हे त्याच्या मनाच्या कडेला येऊन उभं राहिलं. पण ओळीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्याला त्या बघण्याची सवय झाली होती.

“नही बापू. कार्ड चुकत नही.”

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. मास्तरांनी गणित चूक म्हटल्यावर पोरगं स्वतःच्याच वहीकडे बघतं, तसं.

“तू सांगी ऱ्हायना, मंग खरंच व्हई,” ते म्हणाले. “मन्हाच डोया लागना व्हई.”

दुसऱ्या दिवसापासून पंपघरात नवा माणूस आला.

ती ओळ काय होती, हे सांगायला हवं, नाहीतर भूपेशला पुढे झोप का लागेना ते कळायचं नाही.

संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा एक मुकादम असतो. कामं पुष्कळ आणि ती करणारे प्रोसेसर मोजके. तेव्हा कुणी कधी बसायचं हे मुकादम ठरवतो. एखादं काम अर्ध्यात उठवून तो दुसऱ्याला बसवतो. एखादं काम एका प्रोसेसरवरून उचलून दुसऱ्यावर नेऊन टाकतो. बहुतेक कामांना याचं काही वाटत नाही. पण काही कामं नाजूक असतात, ती मुकादमाला आधीच सांगून ठेवू शकतात. त्यात सांगण्याचे दोन प्रकार. एक, ‘माझं होईस्तोवर मला उठवूच नको.’ दुसरा, ‘उठव हवं तर, पण परत आल्यावर मला माझ्या याच जागेवर बसव.’

दाब मोजण्याच्या कामानं आधी पहिला प्रकार सांगितला होता. त्यामुळे व्हायचं असं, की ते काम अडून बसायचं आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जाणारे दाबाचे निरोप उशिरा जायचे. तक्रारी आल्या. भूपेशनं पहिला हुकूम खोडून दुसरा लिहिला. निरोप झटपट जायला लागले, कंपनीत वाहवा झाली. पुण्याहून त्याच्या साहेब रुचिका मॅडमनी खास फोन केला. बदल त्यानं टेबलावर तपासलाही होता, पण टेबलावर त्यानं एकच पंप जोडला होता.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी भूपेशच्या अंगणात चूल पेटली. खान्देशात आखाजीला मांडे नाहीत तर सण कसला! त्याची आई गजराबाई खापराशी बसली, की आजूबाजूच्या बाया नुसत्या बघायला येत. पुरणाचा उंडा हातावर घेऊन ती अशी काही फिरवी, की बघता बघता मांडा कोपरापर्यंत उतरे.

पुरण जरा कमी गोड वाटलं म्हणून तिनं वाटीत पिठीसाखर घेऊन चुलीशी ठेवली. तेवढ्यात दारावरून कुणी हाक मारली आणि ती उठली. ती परत येईपर्यंत चूल रिकामी कशाला ठेवायची, म्हणून सून चारुलता रशीला, म्हणजे पुरणाच्या कटाच्या आमटीला, फोडणी द्यायला बसली. हाताला तीच वाटी लागली. तिनं साखर डब्यात परत ओतली, वाटीत बारीक मीठ घेतलं, लागलं तेवढं रशीत टाकलं, उरलेलं तिथंच ठेवलं आणि उठून गेली. गजराबाई आली, आपल्या जागी बसली, आपली वाटी उचलली आणि पुरणात पालथी केली.

पहिला मांडा तोंडात गेला तसं घर हसून लोळायला लागलं.

“मायनी नजर गयी आते!” थोरला भाऊ म्हणाला.

गजराबाईला ते लागलं. सणाच्या दिवशी, शेजारणींसमोर. “मन्ही चूल, मन्ही वाटी!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “मी काय दुसरानी वाटीमा हात घाला का?”

“माय, तुम्ही दारवर गयात, तवढामा मी रशीले फोडनी दिनी,” चारुलता ओशाळून म्हणाली. तरी लोक गजराबाईलाच हसत राहिले, कारण वाटी पालथी करताना तिलाच पाहिलं होतं.

भूपेशच्या हातातला घास तसाच राहिला. चूल तीच, जागा तीच, वाटी तीच. परत येणारीनं वाटीत बघावं तरी कशाला?

तो न जेवता माडीवर गेला. त्याच्याकडे एक जादा कार्ड होतं. या वेळी त्यानं त्याला दोन पंप असल्याचं भासवलं. एकाचा दाब चढवला, दुसऱ्याचा ठीक ठेवला आणि निरोप पाठवायचं काम जोरात सुरू केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. भूपेशला बरं वाटायला लागलं आणि आपल्याला बरं वाटतंय याची लाजही वाटली. मग ते झालं. पहिल्या पंपाचा दाब वाढतच होता, आणि पडद्यावर शांत हिरवं दिसत होतं.

पहिल्या पंपाचं काम आकडा आपल्या प्रोसेसरच्या वाटीत ठेवी. निरोप पाठवायच्या घाईत मुकादम त्याला उठवी. तेवढ्यात दुसऱ्या पंपाचं काम त्याच प्रोसेसरवर येऊन त्याच वाटीत आपला आकडा ठेवून जाई. पहिलं काम परत येई ते अगदी इमानानं आपल्याच जागेवर, आणि दुसऱ्याचा आकडा आपला समजून घेई. दाब जितका चढे तितके निरोप वाढत, आणि तितक्या वेळा हे होई.

पितांबर आबांनी पडद्यावर हिरवं पाहिलं होतं. खरोखरच हिरवं होतं. खाली अंगणात बाया आखाजीची गाणी म्हणत होत्या आणि माडीवर भूपेश पंख्याखाली घामानं निथळत बसला होता.

रुचिका मॅडमना फोन केला, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई काही वाईट नव्हती.

“सापडलं हे फार बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आधी कुलूप घाल त्या जागेला. आपली कार्डं किती गावांत आहेत! सगळीकडे दुरुस्ती पोचू दे. तोवर कुठे बोलू नकोस. नंतर काय सांगायचं ते ठरवू.”

“मॅडम, इथं एका माणसाची नोकरी गेलीय.”

“मला कळतंय, भूपेश. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.”

भूपेशनं वाद घातला नाही. खरं सांगायचं तर त्याला हेच हवं होतं. गप्प बसायला वरिष्ठांचा हुकूम मिळाला, की माणूस किती आज्ञाधारक होतो! त्या रात्रीत त्यानं दुरुस्ती लिहून काढली: ही वाटी माझी, मी परत येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. सकाळी ती सगळीकडे पाठवली. आता पुढे काही बिघडणार नव्हतं. मागे बिघडलेलं मात्र तसंच पडून होतं.

त्याच दिवशी तो वायर आणायला शहाद्याला गेला. एसटी स्टँडवर दगूबाई भेटली, पितांबर आबांची बायको. हातात रिकामी पिशवी. तिनं पदर सारखा केला आणि थोडी घुटमळून जवळ आली.

“भूपेश दादा, एक इचारू?”

“इचारा ना काकू.”

“ते कार्ड खरंच चुकत नही का रे?” तिनं आवाज खाली आणला. “त्या दिन मी त्यासना तोंडना वास लिन्हा व्हता. वास नव्हता. पन तू सांगं ना, मंग मी भी त्यासले नही नही ते बोलनू. ते काही सांगतस नही आते. नुसता बठी ऱ्हातस.”

सांगायचं होतं एकच वाक्य. काकू, ते झोपले नव्हते, चूक माझी. स्टँडवर नंदुरबारची गाडी लागत होती, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते, बाजूला ओळखीचे दोघं उसाचा रस पीत उभे होते. त्याच्या डोळ्यांपुढून शाल गेली, नारळ गेला, मॅडमचा आवाज गेला.

“चौकशी चालू शे, काकू,” तो म्हणाला.

“हा का,” दगूबाई म्हणाली. “बरं.” आणि गाडीकडे चालू लागली. साधी बाई, तिला वाटलं, एवढा शिकलेला माणूस म्हणतो म्हणजे चौकशी चालूच असेल.

त्यानंतर भूपेश रोज सकाळी ठरवायचा, आज जायचं. आणि रोज काहीतरी निघायचं. एकदा मॅडमची मीटिंग, एकदा पाहुणे, एकदा नुसतंच ऊन. जेवण जाईना. गजराबाईनं विचारलं, तर म्हणाला, पित्त झालंय. रात्री पडल्या पडल्या तो आबांचं ते वाक्य ऐकायचा, मन्हाच डोया लागना व्हई. आपण एका माणसाला त्याच्याच डोळ्यांबद्दल खोटं पटवून दिलं, ही गोष्ट त्याला गिळवेना. स्वतःला शिव्या द्यायचा आणि कूस बदलायचा. शिव्यांनी कुणाचं काही वाटोळं दुरुस्त होत नाही, हेही त्याला कळत होतं.

शेवटी मॅडमना न विचारता एका सकाळी तो बापूंच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. बापू बशीत चहा ओतत होते.

“बापू, चूक कार्डनी व्हती. कार्डनी म्हनजे मन्ही. मी एक ओळ बदली व्हती. आबा झोपेल नव्हतात, पेल भी नव्हतात. पडदावर हिरवंच व्हतं.”

बापूंनी बशी खाली ठेवली. भूपेशनं सगळं सांगितलं, मुकादम, वाटी, दोन पंप. आता बापू ओरडतील, गाव थुंकेल, शाल परत मागतील, सगळ्याची तयारी करून तो आला होता.

“अरे, मशीन शे,” बापू म्हणाले. “चालस. तू काय जानीबुजीसन कया का? बठ, चहा पे.”

इतकंच. एका घोटात माफी. आबांना माफ करायला याच माणसाला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं. भूपेशला वाटलं, बापूंनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

पण बापू अन्यायी नव्हते. त्यांनी चहा संपवला, पागोटं घातलं आणि मोटरसायकलची किल्ली घेतली. “चाल, आबाले ली येऊत. मी सोता माफी मांगसू. गावसामने मांगसू.” भूपेश मागे बसला. कितीतरी दिवसांनी त्याला वारा अंगाला लागल्यासारखा वाटला. वाटेत केळीच्या बागा होत्या, नव्या पाइपाचं पाणी सरीतून चाललेलं होतं आणि आबांना पहिलं वाक्य काय म्हणायचं ते तो मनात घोळवत होता.

दगूबाई दारातच भांडी घासत होती. बापूंची गाडी बघून ती उभी राहिली आणि दार अडवल्यासारखी मध्ये आली.

“ते झोपेल शेत,” ती म्हणाली.

“उठाडा त्यासले, वहिनी. चांगली खबर शे,” बापू हसत म्हणाले. “आबांनी चूक नव्हती. ह्या भूपेशनं शोधी काढं. मी त्यासले कामवर ली जावाले उनू.”

दगूबाईच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. ती राखेचे हात तसेच धरून भूपेशकडे बघत राहिली. “त्यासनी चूक नव्हती?”

“नव्हती काकू. मन्ही व्हती.”

“तुले कधी कळनं रे?”

तेवढ्यात आत खाट करकरली आणि पितांबर आबा बाहेर आले. भिंतीला हात लावत. अंगात बनियन, डोळे लाल, आणि त्यांच्याआधी त्यांचा वास दारात आला.

“कोन म्हने मन्ही चूक नव्हती?” त्यांनी विचारलं.

“मी म्हनी ऱ्हायना, आबा.” भूपेश पुढे झाला. घोळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. “तुम्ही जागा व्हतात. तुम्ही दखं ते खरं व्हतं. हिरवंच व्हतं.”

“हिरवंच व्हतं?”

“हा आबा.”

“मी झोपेल नव्हतू?” आबा बायकोकडे वळले. “दगू, ऐकं का? मी झोपेल नव्हतू.”

बापू एक पाऊल मागे सरले होते. त्यांनी पागोट्याच्या शेवानं नाक पुसलं आणि भूपेशला दंडाला धरून बाजूला ओढलं. “दखं का? काय सांगेल व्हतं मी?”

“बापू, हे आते शे. त्या दिन नव्हतात पेल. मी सांगं ना तुम्हले, ती ओळ...”

“ऱ्हाऊ दे,” बापू त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाले. आवाजात तेच जुनं प्रेम होतं. “तू मनना भला शे, बेटा. म्हातारानाकरता दोष आंगवर ली ऱ्हायना. मले काय समजत नही का?”

“नही बापू! खरंच मन्ही चूक शे!”

“हा, हा,” बापू म्हणाले आणि गाडीकडे वळले. भूपेशनं आणखी सांगितलं असतं, कार्ड आणून दाखवलं असतं, पडदा हिरवा करून दाखवला असता. पण बापूंचा चेहरा बघून त्याला कळलं, की आता तो जितकं सांगेल तितका तो भलाच ठरत जाईल.

“त्या दिन नही, बापू,” आबा ओट्यावरून ओरडले. “आज शे. त्या दिन नही!”

बापूंनी किक मारली.

“कधीपासून, काकू?” भूपेशनं खाली बघत विचारलं.

“आखाजीना दुसरा दिन,” दगूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूरही नव्हता. “मी शहादाथून उनू. त्यासले सांगं, भूपेश भेटना व्हता, चौकशी चालू शे म्हने. तसा उठनात नि चालना गयात. आखाजीपावतर दारूले हात लावा नव्हता त्यासनी.”

आबा तोवर आत जाऊन खुंटीवरचा खाकी शर्ट घेऊन आले होते. “चाल भूपेश,” ते म्हणाले, “दोन नंबरना पंप ऊनमा गरम व्हस. त्याले दखाले जोयजे.” एक हात बाहीत गेला, दुसरा जाईना. दगूबाईनं हात धुतले, पदराला पुसले, त्यांचा हात बाहीत घातला आणि खालून एकेक बटण लावायला लागली. बापूंची गाडी वळणावरून पुढे गेल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. तिनं वरचं बटण लावलं, कॉलर नीट केली आणि त्यांना धरून परत खाटेवर नेऊन बसवलं.